दुसरा पास्का

ख्रिस्ताठायी प्रिय बंधुभगिनींनो,

पुनरुत्थित प्रभूची शांती तुम्हां सर्वांना लाभो! ईस्टर होऊन दोन आठवडे उलटले, मग फादर अजून कसल्या शुभेच्छा देत आहेत, असे काहींना वाटेल. पण वेदीजवळ पाहा. जागरणाच्या रात्री नव्या अग्नीवर पेटवलेली पास्काची मेणबत्ती अजून तिथेच उभी आहे. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नास दिवस, ती तिथेच राहील. ती कोणासाठी उभी राहते हे मला एका बाईने शिकवले, आणि तेही माझी चूक दाखवून.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मे महिना होता. रविवारची मिस्सा आटोपून मी चर्चच्या दारात उभा होतो. आदल्याच दिवशी वीटभट्टीवरून घरी परतलेली एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन पुढे आली. मुलीने दिवाळीपर्यंत धर्मशिक्षणाचा एकही वर्ग चुकवला नव्हता. दिवाळीनंतर आईबाप भट्टीवर निघाले तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही जावे लागले. इकडे ईस्टरनंतरच्या रविवारी आम्ही मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद थाटामाटाने उरकून घेतला. पांढरे कपडे, फुले, फोटो, सारे काही झाले. बाई म्हणाली, "फादर, तुमचा ईस्टर झाला. आमचा राहिला."

मी म्हटले, "पुढच्या वर्षी बघू."

ती काही बोलली नाही. मुलीचा हात धरून उन्हात पाड्याकडे निघून गेली. पुढच्या वर्षीही त्यांना भट्टीवरच जायचे होते, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

आपल्या धर्मग्रामाचे वर्ष कसे चालते हे तुम्हांला सांगायला नको. भात कापून, झोडून झाले, दिवाळी झाली, की पाडे रिकामे होऊ लागतात. उचल आधीच घेतलेली असते. कोणी भिवंडीच्या बाजूला भट्टीवर जातो, कोणी गुजरातेत. कोणी खलाशी म्हणून बोटीवर चढतो. होळीला माणसे दोन-चार दिवस येतात, नाचतात आणि परत जातात. ईस्टर येतो तो होळीनंतर. वसंतातील दिवस-रात्र समान होतात त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार, असा ख्रिस्तसभेचा जुना हिशेब आहे. म्हणून कधी होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच ईस्टर येतो, जसा २०२४ साली ३१ मार्चला आला. कधी हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर येतो, जसा २०२५ साली २० एप्रिलला आला. हिशेब कसाही केला तरी तो विटांच्या हंगामातच पडतो. वसईकडच्या धर्मग्रामांत ईस्टरच्या रात्री चर्चमध्ये उभे राहायला जागा मिळत नाही. आपल्याकडे मागची बाके मोकळी असतात. माणसे परत येतात ती राब भाजायला, घर शाकारायला आणि पेरणीच्या तयारीला. तोवर आपण आपल्या हिशेबाने ईस्टर आटोपलेला असतो.

आता यातली खरी टोचणी सांगतो. पवित्र गुरुवारी आपण निर्गमाच्या पुस्तकातला बारावा अध्याय वाचतो आणि जागरणाच्या रात्री चौदावा. त्या रात्रीची इतर काही वाचने वेळेअभावी कमी करता येतात, पण समुद्र दुभंगल्याचे हे वाचन गाळायला परवानगी नाही. इतके ते ख्रिस्तसभेला मोलाचे वाटते. आणि ती हकिगत कोणाची आहे? मिसर देशात चिखल तुडवून विटा पाडणाऱ्या वेठबिगारांची! बायबल उघडून निर्गमाचा पाचवा अध्याय वाचून पाहा. विटांसाठी लागणारा पेंढा यापुढे मिळणार नाही, तो यांनीच गोळा करून आणावा, पण विटांचा आकडा एकानेही कमी होता कामा नये, असा हुकूम फारो काढतो. आकडा भरला नाही म्हणून मार खातात ते मुकादम, आणि ते मुकादमही त्याच लोकांमधले, इस्राएली. हे वाचताना आपल्या धर्मग्रामातल्या कोणाला टीकाग्रंथाची गरज पडेल काय?

एकदा मी त्या बाजूच्या धर्मगुरूंना विचारून शनिवारी रात्री आपल्या लोकांच्या एका भट्टीवर गेलो होतो. मालकाने अडवले नाही. लवकर आटपा, एवढेच म्हणाला. त्याचेही खरे होते, कारण ऊन चढायच्या आत काम व्हावे म्हणून माणसे मध्यरात्रीनंतर दोनलाच उठतात. कच्च्या विटांच्या दोन थप्प्यांवर फळी टाकली, फळीवर पांढरे कापड अंथरले आणि मिस्सा केली. मी हाच अध्याय वाचला. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "पेंढा, तूस काही घातला नाही तर वीट सुकताना तडकते, फादर. मग ती मोजत नाहीत." मी सेमिनरीत बरीच वर्षे बायबल शिकलो. पेंढा काढून घेतल्यावर त्या माणसांवर नेमके काय संकट आले असेल, हे मला कोणी असे सांगितले नव्हते. बिनपेंढ्याची वीट म्हणजे दिवसभर राबूनही हिशेबात शून्य!

म्हणजे पाहा, पास्काचे पहिले भोजन ज्यांनी केले ते विटा पाडणारे होते. कमर बांधून, पायांत वहाणा घालून, हातात काठी घेऊन, घाईघाईने त्यांनी ते केले. कणीक फुगेपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून भाकर बेखमीर राहिली. तीच बेखमीर भाकर आज आपल्या वेदीवर असते. "फादर, आपण तांदळाची नाहीतर नागलीची भाकर खातो, मग मिस्सेला गव्हाचीच का?" असे मुले मला विचारतात. प्रश्न चांगला आहे. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी जी भाकर हातात घेतली तिच्याशी नाते तुटू नये म्हणून ख्रिस्तसभेने गहू आणि द्राक्षारस यांचाच आग्रह धरला आहे. पण त्या पातळ पांढऱ्या चकतीकडे पाहताना ती देवघरातली नाजूक वस्तू आहे असे समजू नका. खमीर घालून वाट पाहण्याइतकीही उसंत ज्यांना नव्हती, त्या मजुरांच्या भाकरीची ती वंशज आहे.

गुलामी म्हणजे काय, हे आपल्या भागाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, ही लग्नगडीची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे. २३ मे १९४५ रोजी आपल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. तो लढा लाल बावट्याचा होता, आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य करावे. देवाने गुलामांचा आक्रोश ऐकला, असे आपण दर ईस्टरला वाचतो. तो आक्रोश आपल्या दाराशी होता तेव्हा आधी कोणी ऐकला, हे विसरू नये. पुढे १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. तरीही उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला त्याच भट्टीवर जाणारी माणसे आपल्या पाड्यांवर आजही आहेत.

या पास्काच्या सणातच प्रभू येशूने भाकर घेतली, मोडली, आणि हे माझे शरीर आहे असे सांगून शिष्यांना दिली. दुसऱ्या दिवशी ते शरीर क्रुसावर मोडले गेले आणि तिसऱ्या दिवशी पिता परमेश्वराने त्याला मरणातून उठवले. मिसरमधल्या लोकांची सुटका फारोच्या हातून झाली. आपली सुटका पापाच्या आणि मरणाच्या हातून झाली. मिस्सा म्हणजे त्या घटनेची नुसती आठवण नव्हे. एखाद्या मृत माणसाचा फोटो भिंतीवर लावून आपण त्याची आठवण काढतो, तसे इथे होत नाही. जो उठला आहे तो स्वतः वेदीवर येतो आणि स्वतःला देतो. मागे एकदा मिस्सेला अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, आणि ख्रिस्तप्रसाद पुरावा म्हणून मी शेवटी शेवटी लहान तुकडे करून दिले. नंतर एक आजी गमतीने म्हणाल्या, "फादर, मला चिमुकला येशू मिळाला." नाही आजी, तुम्हांला सगळा मिळाला. प्रत्येक कणात संपूर्ण ख्रिस्त असतो, हीच आपल्या ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे.

आजच्या शुभवर्तमानातले दोन शिष्य पाहा. यरुशलेमपासून सुमारे अकरा किलोमीटरवर असलेल्या अम्माऊस गावी ते चालले होते. ईस्टरची पहाट झाली होती, कबर रिकामी असल्याची बातमीही त्यांच्या कानांवर आली होती. पण त्यांच्यापुरता ईस्टर झालाच नव्हता. ज्याच्यावर आशा ठेवली तो गेला, आता आपापल्या घरी जावे, असे त्यांना वाटत होते. मग प्रभू काय करतो? यरुशलेममध्ये बसून त्यांच्या परतण्याची वाट पाहत नाही. तो स्वतः रस्त्यावर जातो, त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतो, त्यांचे रडगाणे पूर्ण ऐकून घेतो, आणि संध्याकाळी भाकर मोडतो. तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडतात. कॅलेंडरवर तो दिवस उगवला होता पहाटेच. त्यांचा ईस्टर झाला रात्रीच्या जेवणाला.

ख्रिस्तसभेच्या अगदी सुरुवातीच्या काळात उशिरा येणाऱ्यांवरून एक मोठे भांडण झाले होते. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याबद्दल लिहितो. करिंथ हे बंदराजवळचे व्यापारी शहर. ख्रिस्ती लोक संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रभुभोजनासाठी जमत. ज्यांच्याकडे वेळ आणि पैसा होता ते आधी येऊन आपले आणलेले खाऊन-पिऊन मोकळे होत. ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते उपाशी राहत. हे उपाशी राहणारे बहुधा गुलाम आणि हमाल असावेत, मालकाने सोडल्यावर धापा टाकत येणारे. त्यांना पाहावे लागे ती रिकामी भांडी. पौल भयंकर रागावला आहे. तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे तो बजावतो. ख्रिस्ताचे शरीर न ओळखता खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे त्याचे कडक वाक्य आपण नेहमी पापनिवेदन न करता ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांना ऐकवतो. ऐकवावेच. पण मूळ पत्रात ते थांबायला तयार नसलेल्यांना उद्देशून आहे. त्यांना पौल शेवटी साधा उपाय सांगतो: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

त्या मे महिन्यात मी थांबलो नव्हतो. त्या बाईला उत्तर दिल्यावर काही दिवसांनी, दुसऱ्याच कशासाठी तरी, मी गणना या पुस्तकाचा नववा अध्याय उघडला, आणि तिथे मला तीच बाई भेटली! मिसरमधून निघाल्यावर दुसऱ्या वर्षी लोक रानात पास्काचा सण पाळत होते. काही माणसांना प्रेताला शिवल्यामुळे विटाळ होता, म्हणून त्यांना भाग घेता येईना. ती मोशेकडे आली आणि म्हणाली, आम्हांलाच का वगळता? मोशे मोठा नेता, पण त्याने "पुढच्या वर्षी बघू" असे म्हटले नाही. तो म्हणाला, थांबा, देव काय सांगतो ते मी विचारून येतो. आणि देवाने काय सांगावे? ज्याला विटाळ आहे, किंवा जो दूरच्या प्रवासात आहे, त्याने एक महिन्यानंतर, दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी, तोच पास्का पाळावा. तीच बेखमीर भाकर, त्याच कडू भाज्या, तोच कोकरा. हा कमी प्रतीचा सण नव्हता, नियम सारे तेच. प्रवासाबद्दल तर कोणी विचारलेही नव्हते. तो शब्द देवाने आपणहून घातला. पुढे हिज्कीया राजाच्या काळी सगळ्या राष्ट्राचाच पास्का दुसऱ्या महिन्यात करावा लागला. त्याचे एक कारण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात दिले आहे: पुरेसे याजकच तयार नव्हते. हे वाचून मला जरा दिलासा मिळाला.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हाच सैलपणा जपला आहे. निदान पास्काच्या काळात तरी प्रत्येकाने ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने केला. तो आजच्या धर्मनियमांत ९२० व्या कलमात आहे, आणि त्याच कलमात पुढे म्हटले आहे की योग्य कारण असेल तर वर्षातल्या दुसऱ्या वेळीही हे कर्तव्य पार पाडता येते. पोट भरण्यासाठी भट्टीवर किंवा बोटीवर असणे यापेक्षा योग्य कारण दुसरे कोणते? वापीच्या कंपनीत कामाला असून रविवारी सुटी असताना क्रिकेटच्या सामन्यांपायी मिस्सा चुकवणाऱ्या तरुणांनी मात्र हे कलम आपल्यासाठी आहे असे समजू नये.

दुसऱ्या शतकातील संत जस्टिन याने सुमारे १५५ साली रोममध्ये आपल्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, हे सारे आजच्यासारखेच होते. आणि शेवटी तो लिहितो की जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन त्यांचा वाटा घेऊन जातात. आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे लोक यांची सोय होते. गैरहजर माणसाचा वाटा बाजूला ठेवणे हा तेव्हा मिस्सेचाच भाग होता. आपल्याही घरी कामावरून उशिरा येणाऱ्यासाठी भात झाकून ठेवतात ना? पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ च्या ऑक्टोबरात ख्रिस्तप्रसादाचे वर्ष सुरू केले. त्यावेळच्या पत्रात त्यांनी अम्माऊसचीच ही गोष्ट घेतली, आणि आपल्या मिस्सा खऱ्या आहेत की नाहीत याची कसोटी म्हणून एकमेकांवरचे प्रेम आणि गरजूंची काळजी याच गोष्टी सांगितल्या.

काही जण मला म्हणतात, "फादर, एकाच सणाला दोनदा खर्च कशाला? ज्यांना यायचे असते ते येतातच." ते येत नाहीत, कारण एक दिवस भट्टी सोडली तर मजुरी बुडते, आणि भाड्याला लागणारे पैसे आणायचे कुठून? मागच्या बाकांवर दिसत नाहीत म्हणून ते आपल्या यादीतून गेले असे नाही.

त्या मुलीला मात्र या सगळ्याचा उपयोग झाला नाही. गणनेचा तो अध्याय वाचल्यावर मी पाड्यावर जायला आणखी काही आठवडे लावले. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि ती मावशीकडे राहायला गेली होती. पुढच्या हंगामाला ते कुटुंब दुसऱ्याच भट्टीवर गेले. तिला प्रथम ख्रिस्तप्रसाद कुठे मिळाला की नाही, मला ठाऊक नाही. तिच्या आईची आणि माझी त्यानंतर गाठ पडलेली नाही.

यंदा जे परत येतील त्यांच्यासाठी प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या रविवारी सकाळची मिस्सा पास्काची मिस्सा म्हणून होईल. मेणबत्ती तेव्हाही पेटलेली असेल. भट्टीवरून आलेल्या मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद त्याच दिवशी आहे. आदल्या शनिवारी सायंकाळी पापनिवेदनासाठी मी चर्चमध्ये बसेन. मुलांची तयारी सिस्टर आणि धर्मशिक्षक पाड्यावर येऊन करून घेतील. मिस्सेनंतर डाळ-भाताची पंगत आहे. लांबच्या पाड्यावरचा शेवटचा टेम्पो आल्याशिवाय ती बसणार नाही, तेव्हा भुकेलेल्यांनी घरून न्याहारी करून यावे. बोटीवरचे भाऊ जूनमध्ये उतरतात. त्यांच्यासाठी वेगळा रविवार ठरवू.

चर्चच्या दाराजवळ एक वही ठेवली आहे. आपल्या शेजारपाजारचे जे कोणी बाहेर आहेत त्यांची नावे, गेलेले ठिकाण आणि परतण्याचा अंदाज तिच्यात लिहावा. लिहिता येत नसेल त्यांनी मुलांकडून लिहून घ्यावे. ज्यांच्या मुलांचे यंदाचे पांढरे कपडे घरी पडून आहेत त्यांनी ते धुऊन सिस्टरांकडे द्यावेत. लहान मापाचे चार जोड जमले आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा अजून एकही आलेला नाही.

तुमचा,
धर्मगुरू